सातवं पिवळं

घर दाखवताना घरमालक साधारणपणे पाणी कधी येतं ते सांगतात, गाडी कुठे लावायची ते सांगतात. या गृहस्थांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुम्ही काय काय खाता?"

बँकेने मला सांगलीहून उचलून भुसावळला टाकलं होतं. एप्रिलचं ऊन, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, घशाला कोरड. मला वाटलं, आता हे मटण-मच्छीवर येणार आणि तिथून जातीवर येणार. मी फणकाऱ्यानेच सांगितलं, की सगळं खाते. त्यांचा चेहरा पडला. जो सगळं खातो त्याचं कूळ ठरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जिना चढता चढता त्यांनी मला समजावलं, की पांढऱ्या आणि पिवळ्या फुलपाखरांचं घराणं एकच, पण त्यात पांढऱ्यांचं उपकुल वेगळं आणि पिवळ्यांचं वेगळं. पांढऱ्यांच्या अळ्या मोहरी-कोबीच्या वाटेला जातात. पिवळ्यांच्या अळ्यांना शेंगांची झाडं लागतात, म्हणजे टाकळा, बहावा, शिरीष असलं काहीतरी. खाण्यावरून कूळ कळतं, एवढं सांगून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. भाड्याचं बोलणं त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, खालूनच ओरडून उरकलं.

अख्खी कॉलनी त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. नाना दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला होते. उभं आयुष्य एका टेबलाशी गेलं. समोरून काडतुसं सरकत यायची आणि नानांनी बघायचं. जे जरा वेगळं दिसेल, ओरखडा असेल, रंग उतरला असेल, ते उचलून बाजूच्या ट्रेमध्ये टाकायचं. ते वेगळं का दिसतं याचा विचार त्यांनी करायचा नाही, तो पुढच्या टेबलावरच्या माणसाचा. नोकरी संपली, पण हात काही निवृत्त झाला नाही. भुईमुगाच्या शेंगा निवडायला बसले की तीनदाण्याच्या वेगळ्या. केळ्याचा घड आणला की वाकडी केळी वेगळी. एकदा अक्कांकडे सत्यनारायण होता, तर प्रसाद घेऊन बाहेर आलेल्या बायकांना आपापल्या चपला सापडेनात. नानांनी त्या टाच कुठल्या बाजूने झिजली आहे त्यावरून दोन रांगांत लावून ठेवल्या होत्या, आणि डावीकडे झिजवणाऱ्या बायकांची संख्या जास्त का, यावर ते गुरुजींशी बोलत होते. गुरुजींना दुसऱ्या घरी जायचं होतं. त्यांची एक चप्पल एका रांगेत आणि एक दुसऱ्या रांगेत निघाली.

घराशेजारचा रिकामा प्लॉट नानांचाच. दुसऱ्या कुणी तिथे चार खोल्या बांधून भाडेकरू ठेवले असते. नानांनी तिथे टाकळा वाढवला. टाकळा म्हणजे रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं रान. पाऊस सरला की तो पिवळा पडतो, पण नानांनी न्हाणीघराचं पाणी पाट काढून तिकडे सोडलं होतं, त्यामुळे त्यांचा टाकळा थंडीतही हिरवागार. कॉलनीतले लोक म्हणायचे, साप निघतील. अक्का पावसाळ्यात त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायच्या, आणि नाना भिंग घेऊन स्वयंपाकघरात उभे. खुडलेल्या प्रत्येक पानावर अंडं नाही ना, हे पाहिल्याशिवाय फोडणी पडायची नाही. अंडं म्हणजे तांदळाच्या कणीहून बारीक. कित्येकदा तेल जळून गेलेलं मी पाहिलं आहे.

पिवळ्यांची एक खोड आहे. ती बसली की पंख मिटूनच बसतात. पांढरी जरा ऊन खायला पंख पसरतात, पण पिवळ्यांत ती रीतच नाही. आतली काळी किनार बघायची तर ते उडेपर्यंत वाट बघायची, आणि पंखाच्या पाठीवरचे ठिपके बघायचे तर ते बसेपर्यंत. त्यामुळे नाना तासन् तास टाकळ्यात उकिडवे बसलेले असायचे. समोर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी नगरपालिकेत तक्रार केली, की शेजारच्या प्लॉटवर एक वयस्क गृहस्थ रोज सकाळी उघड्यावर बसतात. पालिकेचा माणूस आला. नानांनी त्यालाही शेजारी उकिडवं बसवलं आणि दोन फुलपाखरं दाखवली. नाना त्याला त्याचं खाणं विचारायला लागले, तेव्हा तो उठला.

व्हरांड्याच्या भिंतीवर पत्र्याची एक पाटी होती. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून नानांनी ती करून घेतली होती. वर "पिवळ्यांचं उपकुल" आणि खाली सात चौकटी. प्रत्येक चौकटीत एक फुलपाखरू आणि नानांनीच ठेवलेलं नाव. दोन मोठी लिंबाळी, एक पिवळट आणि एक हिरवट. मग चार बारकी: साधी हळद, छोटी हळद, बिनठिपक्याची आणि तीन ठिपक्यांची. सातवं चित्र साध्या हळदीसारखंच, फक्त पंखाच्या पाठीवर तपकिरी डाग, टोकाला तर मोठाच. ही डागाची हळद दिवाळीनंतर दिसायला लागायची. पुस्तकात तिला वेगळी जागा नव्हती. नानांच्या मते पुस्तकवाल्यांनी भुसावळचा टाकळा पाहिलेला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाटी दाखवायचे, सहांवर भराभर बोट फिरवायचे आणि सातव्यावर थांबून म्हणायचे, हे आपलं. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, तोंडात अहिराणी. त्या पाटीकडे बघून मला म्हणाल्या होत्या, "माले ते बठ्ठं एकच दिखस." सगळी एकच दिसतात, हे नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अक्कांचं त्यांनी ऐकून सोडून दिलं, पण व्याह्यांचं कसं सोडणार?

नानांची एकुलती एक मुलगी, ताई, धुळ्याला दिलेली. मी तिथे राहायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे सासरे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गोरेपान, हळू बोलणारे, दिवाळी ते होळी गळ्यात राखाडी मफलर. सगळे त्यांना सर म्हणायचे, नानासुद्धा. दिवाळीत सर आणि विहीणबाई सुनेला भेटायला आले. फराळ होता होता नानांनी सरांना हात धरून पाटीसमोर नेलं. सरांनी पाटी नीट वाचली आणि गोड आवाजात म्हणाले, की चौकटी सात आहेत पण फुलपाखरं सहाच आहेत. तिसरं आणि सातवं एकच. थंडीत वाढलेल्या अळीच्या फुलपाखरावर डाग येतात, पावसाळ्यात वाढलेलीच्या येत नाहीत.

नाना म्हणाले, दिसतं वेगळं म्हणजे आहे वेगळं.

"थंडीत मी मफलर बांधतो," सर म्हणाले, "म्हणून मी दुसरा कोणी होतो का?"

"तुमचा मफलर सोडता येतो, सर. याचे डाग सोडवून दाखवा."

इथवर गंमत होती. मीही चकली खात हसत होते. पण नानांचा पारा चढला तो चढला. फळ्यावर खडूने काढलेलं फुलपाखरू आणि झाडावरचं फुलपाखरू यात फरक असतो, असं ते म्हणाले, आणि सरांनी हातातली चकली ताटलीत परत ठेवली. थोड्या वेळाने गाडीची वेळ झाली म्हणून दोघं उठली. अक्का टॉवेल-टोपी घेऊन बाहेर येईपर्यंत सर फाटकाबाहेर गेले होते. व्याह्याने आहेर न घेता जायचं, म्हणजे आपल्याकडे काय ते सगळ्यांना कळतं.

त्यानंतर जावईबापूंचे फोन आखडले. विहीणबाई फोन करायच्या, तब्येत विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. शेवटी जावयाकडूनच निरोप आला, की बारशाला बाबा येतील, पण नाना सिद्ध करून दाखवणार असतील तर. नाना म्हणाले, दाखवतो. नाही दाखवलं तर पाटी उतरवतो. मी हसले, पण ताईने माझा हात धरला. नऊ महिन्यांचं पोट घेऊन ती पायरीवर बसली होती.

"या दोघांना एक फुलपाखरू पुरतं हो," ती म्हणाली. "मला दोन घरं सांभाळायची आहेत."

नानांची तपासणी सरळ होती. साध्या हळदीची, म्हणजे अजिबात डाग नसलेली, एक मादी धरायची. तिची अंडी थंडीत वाढवायची. फुलपाखरं बिनडागाची निघाली की थंडी-बिंडी सब झूठ, डागाची हळद वेगळी. मादी त्यांनी धरली आणि एका टाकळ्याच्या रोपावर कोंडली. कोंडायला जाळी हवी, तर अक्कांनी येणाऱ्या बाळासाठी आणलेली छत्रीसारखी मच्छरदाणी उचलली. अक्कांना ती सापडली तेव्हा तिच्यावर टाकळ्याचे डाग पडले होते आणि आतल्या पानांवर अंडी घातली गेली होती. दोन दिवस त्या नानांशी बोलल्या नाहीत. नानांच्या ते लक्षात आलं नाही.

अळ्या झाल्या. हिरव्या, पानाच्या शिरेसारख्या, नीट बघितल्याशिवाय दिसायच्या नाहीत. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्यांत टाकळ्याच्या फांद्या ठेवून नानांनी त्यांत अळ्या सोडल्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि दोन्ही बरण्या व्हरांड्यात ठेवल्या. त्याच आठवड्यात ताईला मुलगा झाला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा नाना पानं बदलत होते. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून निघाले. त्यांच्या पायात, ज्यांनी गावाच्या चपला लावल्या!

बाळंतीण घरी आली. बाळंतिणीची खोली म्हणजे आतली, खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, आणि रात्रभर दिवा. बाळ आहे त्या खोलीत अंधार करायचा नाही, हा अक्कांचा कायदा. बाहेर मात्र तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. एप्रिलमध्ये जीव घेणारं हे गाव डिसेंबरात असं गारठतं, यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता. त्यात एका सकाळी व्हरांड्यातल्या एका बरणीला मुंग्या लागल्या. नाना बरणी घेऊन घरभर फिरले. मुंग्या नसलेली जागा एकच सापडली, आणि ती बाळंतिणीच्या उशाशी.

"मनी पोर बाळंतीन शे, अन् तिना उशाशी तुम्हन्या अळ्या?" अक्कांचा आवाज मला वर ऐकू आला. पण ताईच म्हणाली, राहू द्या. रात्री बाळ जागं ठेवतं, निदान बघायला काहीतरी होईल. अशी एक बरणी आत गेली आणि एक बाहेर राहिली. या घरात एवढा मोठा प्रयोग सुरू झाला आहे हे कुणालाच कळलं नाही, नानांनाही नाही.

आतली बरणी उबेत होती, म्हणून तिथले कोष आधी फुटले. फुलपाखरं निघाली ती स्वच्छ पिवळी, पाठीवर डागाचं नाव नाही. नाना पेढे घेऊन वर आले. नातू झाल्याचे पेढे आधीच वाटून झाले होते, हे वेगळे. "लॉट पास, मॅडम," म्हणाले. धुळ्याला फोन गेला, की सरांना म्हणावं, मफलर घालून या.

आणि बारशाच्या आदल्या दिवशी व्हरांड्यातले कोष फुटले. मी बँकेतून आले तेव्हा नाना जिन्याच्या पायरीवर बरणी मांडीवर घेऊन बसले होते. आत फुलपाखरं पंख मिटून बसली होती आणि एकूणएक डागाची होती. टोकाला तोच मोठा तपकिरी डाग. सातव्या चौकटीतलं चित्र जसंच्या तसं.

नानांनी आधी माझ्यावर संशय घेतला, मग अक्कांवर. बरण्या कुणी बदलल्या का, टाकळ्यातल्या अळ्या कुणी बरणीत टाकल्या का. मग ते उठून बाळंतिणीच्या खोलीत गेले. मी दारात उभी होते. ताई बाळाला पाजत होती, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि दिव्याचं बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. अक्का ओरडल्या, दिवा कशाला घालवता. नानांनी दिवा लावला आणि बाहेर आले. एकच आई. आत ऊब आणि रात्रभर उजेड, बाहेर थंडी आणि लांबलचक रात्र. त्यांना सगळं कळलं होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा पुढच्या टेबलाचं काम त्यांनी केलं होतं, आणि ते त्यांच्याच अंगावर आलं होतं.

मला त्यांची फार दया आली. मी व्यवहारी बाई, मी म्हटलं, "नाना, आतली बरणी तेवढी दाखवा. बाहेरची मी वर नेऊन ठेवते. ताईचंही भलं होईल."

खरंच झालं असतं. आतल्या बरणीने नाना जिंकत होते. सर धुळ्याला परत गेले असते, पाटी भिंतीवर राहिली असती, कुणाला पत्ता लागला नसता. नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

"मॅडम, तपासणाऱ्यानेच ट्रे लपवला, तर मग तपासायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी बारसं. सर आले, मफलर गळ्यात. जाड कपड्यांतल्या बायका आत पाळण्याभोवती, पुरुष बाहेर सतरंजीवर. ताई नव्या साडीत, पण तिचे डोळे सारखे बाहेरच्या दाराकडे. आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं, पाठीवर धपाटे बसले, नाव ठेवून झालं. आणि नाना दोन्ही हातांत दोन बरण्या घेऊन बाहेर आले. अंगात पांढराशुभ्र सदरा. सरांच्या समोर त्यांनी बरण्या ठेवल्या आणि कारखान्यात साहेबासमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

"सर, आई एकच. ही बाळंतिणीच्या खोलीतली, ही व्हरांड्यातली. माझा लॉट रिजेक्ट. सातवं नाही, सहाच आहेत."

काय चाललं आहे ते निम्म्या लोकांना कळलंच नव्हतं. सरांनी एक बरणी उचलली, मग दुसरी उचलली, बराच वेळ बघत राहिले. मग उठले, गळ्यातला मफलर सोडला आणि नानांच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन बांधला.

"आता सांगा," सर म्हणाले, "तुम्ही दुसरे कोणी झालात का?"

नाना हसले. आधी नुसतेच ओठ हलले, मग खांदे गदगदायला लागले, आणि दोघा व्याह्यांनी एकमेकांना अशी मिठी मारली की अक्का धावत येऊन बरण्या वाचवायला लागल्या. राहिलेली टॉवेल-टोपी त्याच वेळी दिली गेली. आतून ताईचा हसण्याचा आवाज आला, आणि मग हसता हसता ती रडायलाही लागली, ते मी बघितलं. मलाही रडू आलं, उगाच का खोटं बोला. जेवणाची पानं वाढून झाली तरी दोघांचा पत्ता नव्हता. ते टाकळ्यात फुलपाखरं सोडून आले होते आणि दोन लिंबाळी एक की दोन यावरून परत येताना भांडत होते.

सातवी चौकट नानांनी दाढीच्या पात्याने स्वतः खरवडली. पत्र्यावर तिथे अजून चकाकी आहे.

संक्रांतीनंतर ताई बाळाला घेऊन धुळ्याला गेली. नाना स्टेशनपर्यंत गेले, आले, आणि टाकळ्यात जाऊन बसले. त्या रात्री मी गच्चीवरचे कपडे काढून खाली येत होते, तर आतल्या खोलीच्या खिडकीत उजेड. दुसऱ्या दिवशी तसाच, तिसऱ्या दिवशी तसाच. मी नानांना विचारलं. म्हणाले, तपासणी चालू आहे, एका लॉटवर निकाल लागत नसतो. मला पटलं. नाना आहेत, काहीही करतील.

मग एक दिवस अक्कांचं पातेलं परत द्यायला मी त्या खोलीत गेले. पाळणा काढून ठेवलेला, शेगडी गार. खिडकीत बरणी होती, टाकळ्याची ताजी फांदी, तोंडाला धुतलेलं फडकं. मी वाकून एकेक पान बघितलं. आता मलाही बघता यायला लागलं होतं. अळी नव्हती. अंडं नव्हतं. कुरतडलेलं एक पानसुद्धा नव्हतं.

"त्यामा काहीच नही शे," अक्का मागून हळूच म्हणाल्या. "पोरगं गेलं ना, ती खोली अंधारी पाहवत नही त्यास्ले."

तेवढ्यात नाना आले. राखाडी मफलर गळ्यात. मी बरणीशी वाकलेली आहे हे त्यांनी पाहिलं आणि दारातच थांबले.

"काही दिसलं का, मॅडम?"

मी पुन्हा एकदा बरणीत बघितलं.

"आहे, नाना," मी म्हटलं. "बारकी आहे. पानाच्या खालच्या बाजूला."

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेतून उभ्या आयुष्यात एक ओरखडा सुटला नव्हता.

"मग दिवा राहू द्या," ते म्हणाले.